राजीखुशीची लोकर

१९९३चा मार्च, रविवारची सकाळ. रक्कम ऐंशी रुपये, दोन किलो पांढऱ्या लोकरीचे. हजर तिघे: लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या पुढच्या एका गावातला मेंढपाळ, आमचे शेजारी काका आणि मी. काकांनी नोटा मेंढपाळाच्या तळहातावर ठेवल्या, पण स्वतःचा हात वरून काढला नाही.

"राजीखुशी?" त्यांनी विचारलं.

मेंढपाळानं मान हलवली.

"मुँह से बोलो, भैया."

"हाँ बाबूजी, राजीखुशी." तेव्हा कुठे काकांचा हात निघाला.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. लखनौतल्या आमच्या कपूरथला बाजारात भाजीवाल्यानं रुपया कमी केला की त्यालाही. तो एकदा वैतागून म्हणाला, "बाबूजी, टमाटर ले जा रहे हैं कि दुल्हन?" काका शांतपणे म्हणाले, "टमाटर. पर बोल दो." मागे रांगेत उभं राहून मला लाज वाटली होती.

लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत एकाच जिन्यावर आमची दारं समोरासमोर. काका हवाई दलाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. त्यांची मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होती. माझी बँकेच्या हिंदीत विरघळून गेलेली. मूलबाळ नव्हतं. पत्नी लखनौतच वारली आणि ख्रिस्ती दफनभूमीच्या भिंतीलगत, परवानगी काढून, तिला जागा मिळाली. शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी बोलून ठेवली आणि मग गावी परतलेच नाहीत. मला ते 'बँकवाले' म्हणत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत येत, हात जोडत नसत, पण मोदक दोनदा घेत. मंडळातल्या निम्म्या लोकांना ते ख्रिस्ती वाटत, उरलेल्यांना पारशी. त्यांनी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

त्यांच्याकडे वडिलांची प्रार्थनेची शाल होती. तिच्या चार कोपऱ्यांना लोकरीच्या धाग्यांचे गोंडे असतात. ते त्यांना सिसिथ म्हणत. गोंडे झिजून तुटले होते, आणि गोंड्यांशिवाय ती नुसती चादर. त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगितलं. तेव्हापासून काकांना एकच घोर लागला. उरलेले दिवस त्या शालीत प्रार्थना करायची, आणि मेल्यावर तिच्यातच गुंडाळून पत्नीशेजारी जायचं.

मुंबईहून तयार गोंडे मागवा, असं मी सुचवलं. पण त्यांचे वडील गावातल्या धनगराची लोकर घेऊन स्वतः कातायचे. "आणि लोकर आपली हवी, बँकवाले," काका म्हणाले. "चोरीची चालत नाही. म्हणून देणाऱ्याला विचारायचं." सवय तिथली होती, टोमॅटोपर्यंत ती नंतर पोचली.

लोकर धुऊन, पिंजून ते बाल्कनीत टकळी घेऊन बसले. प्रत्येक वेळी टकळी फिरवण्याआधी मोठ्यानं म्हणायचे, "हे सिसिथसाठी." मनात म्हटलेलं त्यांना चालत नसे. कधी दारावरची बेल वाजायची आणि परत बसताना म्हणायचं राहून जायचं. मग तेवढं सूत ते तोडून बाजूला टाकत. अशा विसरलेल्या सुतातून आमच्या हिनं धाकटीसाठी कानटोपी विणली. शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा, तेव्हा टकळीला हात लागत नसे.

खालच्या मजल्यावरच्या पंडितजींना वाटलं की हे जानवं चाललंय. "एक हमारे लिए भी बना दीजिए," ते म्हणाले. काकांनी त्यांना बसवून घेतलं, चहा दिला आणि समजावलं की जानवं कापसाचं, खांद्यावरचं. हे लोकरीचं, कोपऱ्यावरचं. पंडितजी जाताना म्हणाले, "बात तो वही है, कि आदमी को याद रहे." काकांना हे फार आवडलं. आठवडाभर ते मला ऐकवत होते.

गोंडे बांधताना मला बोलावलं. प्रत्येक कोपऱ्यात चार धागे ओवून दुमडायचे, मग एक लांब धागा बाकीच्यांभोवती गुंडाळत गाठी मारायच्या: आधी सात वेढे, मग आठ, मग अकरा, मग तेरा. त्यांचे वेढे चुकत. "तुम्ही मोजा," ते म्हणाले. "मोजायला धर्म लागत नाही." मी मोजलं. चारही कोपरे बरोबर आले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या दाराआडून प्रार्थनेचा आवाज आला. एरवी पुटपुटणारा माणूस त्या दिवशी जिन्यात ऐकू येत होता.

तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण काकांच्या मनात आलं की ज्याची लोकर त्याला तिचं काय झालं ते दाखवायला हवं. मे महिन्यात, ऊन चढायच्या आत, माझ्या स्कूटरवरून आम्ही गेलो. शाल त्यांनी कापडी पिशवीत छातीशी धरली होती.

मेंढपाळ दिसला नाही. त्याची विधवा भावजय अंगण झाडत होती. काकांनी तिला कोपरा उलगडून दाखवला, कुठून लोकर घेतली तेही सांगितलं. तिनं गोंडा बोटांत धरला आणि झाडू खाली ठेवला.

"भेड़ें तो हमारी हैं," ती म्हणाली. "हम मायके गए थे. देवर बोले, ऊन भीग के सड़ गया."

लोकर भिजून सडली, असं तिला सांगणारा देवर म्हणजे तोच मेंढपाळ, आणि तेवढ्यात तो पाठीमागून येऊन उभा राहिला. आम्हाला पाहून त्यानं मान वळवली. काकांनी खिशातून पुन्हा ऐंशी रुपये काढले आणि तिच्यापुढे धरले. तिनं पदर ओढून घेतला, गोंडा सोडला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पैसा ले लें, तो घर में चोर कौन ठहरा? रहना तो यहीं है." काका तिला 'राजीखुशी?' विचारू पाहत होते, मला ते दिसत होतं. मग नोटा त्यांनी परत खिशात ठेवल्या. तिनं झाडू उचलला.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दिव्याखाली सुईनं गाठी सोडवत बसले होते.

मी बरंच समजावलं. पैसे तुम्ही दिलेत, माझ्यासमोर दिलेत, फसवणूक त्यानं केली, तुमच्याकडे काय दोष?

"मी घेतलं खरं," ते म्हणाले, "पण तिनं दिलं नाही."

मी म्हटलं, कुणा जाणत्याला तरी विचारा. ते सुई थांबवून हसले. "इथं विचारायला आहे कोण? तुम्ही, नाहीतर पंडितजी." मग म्हणाले, "मेल्यावर एक गोंडा कापायचाच असतो. मेलेल्याला नियम उरत नाहीत म्हणून. माझे चारही आधीच गेले, एवढंच."

नवी लोकर घेऊ, असं मी दोनदा म्हटलं. पण बोटं आता टकळी धरत नव्हती, आणि मला वाटतं, कुणाच्या 'हाँ'वर त्यांचा विश्वासही उरला नव्हता. भाजीवाल्याला विचारणं त्यांनी सोडून दिलं. भाजीवाल्यानंच मला विचारलं, बाबूजींची तब्येत ठीक आहे ना? पहाटेचा आवाजही पुन्हा जिन्यात आला नाही.

दिवाळीनंतर ते गेले. ठाण्याहून पुतण्या आला, प्रार्थनेचं छोटं पुस्तक घेऊन. दफनाला मंडळातले पाच-सहा जण आणि पंडितजी. काकांना शालीत गुंडाळल्यावर पुतण्यानं खिशातून लहानशी कात्री काढली आणि एक कोपरा चाचपला. मग दुसरा. मग उरलेले दोन. कात्री तशीच हातात धरून तो माझ्याकडे पाहत राहिला. मी मान हलवली. त्यानं कात्री खिशात ठेवली आणि पुस्तक उघडलं.

सोडवलेल्या सुताचा गुंडा बिस्किटांच्या डब्यात ठेवलेला होता. पुतण्या तो माझ्याकडे सोडून गेला. पुढच्या मार्चमध्ये मी तो घेऊन गावाला गेलो. अंगणात आता दोन चुली होत्या. देवर वेगळा झाला होता. विधवा एकटीच होती. काका गेल्याचं मी सांगितलं, डबा आणि पैसे पुढे केले.

तिनं आधी डब्यातला गुंडा हातात धरून पाहिला आणि परत ठेवला. "ऊन हमारा था," ती म्हणाली. "सूत तो बाबूजी का है. ये हम कैसे लें?"

मग पैशांसाठी तिनं तळहात पुढे केला. मी नोटा त्यावर ठेवल्या आणि विचारलं. काका विचारत तसं, तिच्या हातावरचा हात न काढता.

"राजीखुशी," ती म्हणाली.

रक्कम ऐंशी रुपये. दिली मेंढ्यांच्या मालकिणीला. हजर दोघे, ती आणि मी.