सुलूताईंची राज्यक्रांती

सुलूताई देशमुख इतिहासाच्या तासाला कापडी पिशवीतून विळी घेऊन यायच्या. हो, भाजी चिरायची विळीच! सोबत एक टपोरं जांभळं वांगं. ते उंच धरून त्या विचारायच्या, "याच्या डोक्यावर काय आहे?" आम्ही ओरडायचो, "मुकुट!" "मग हा कोण?" "राजा!" की भर वर्गात फरशीवर बसकण मारून त्या वांग्याचं देठ खच्चकन उडवायच्या. "फ्रान्सचा राजा खलास. आता सांगा, उद्या सकाळी राज्य कोण चालवणार?" इथं आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो. "तेच तर! मुकुट उडवायला एक घाव पुरतो, पोरांनो. पुढची भाजी करता करता कंबर मोडते."

गेल्या वर्षी त्या गेल्या. रडायचं तेवढं मी रडून घेतलंय. "रडका इतिहास कुणी वाचत नाही," असं त्याच म्हणायच्या, म्हणून आता हसत सांगते.

लग्नानंतर मी पुंडलिकनगरात राहायला आले ती नेमकी त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, त्यांच्या खालच्या मजल्यावर. तिथं मला जिताजागता राजा बघायला मिळाला. आप्पा देशमुख, म्हणजे सुलूताईंचे मिस्टर. कन्नड तालुक्यातल्या जमीनदार घराण्यातले, सरकारी नोकरीतून निवृत्त, पांढऱ्या झुपकेदार मिशा. बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून सोसायटीचे अध्यक्ष तेच. दरवर्षीची मीटिंग त्यांच्याच दिवाणखान्यात. आप्पा उभे राहून विचारायचे, "कुणाला अध्यक्ष व्हायचंय?" आणि आम्ही श्वास घेईपर्यंत स्वतःच म्हणायचे, "नाय ना? मग बिनविरोध!" पेढे मीटिंगच्या आधीच आणलेले असायचे.

राजाची खरी ताकद होती पाण्यात. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते देवालाच ठाऊक. आठवडा आठवडा वाट बघायची. आलं की गेटजवळचा पाइपचा वॉल फिरवून ते हौदात घ्यायचं. त्या वॉलच्या पेटीला कुलूप, आणि त्याची किल्ली आप्पांच्या कमरेच्या करगोट्याला. पहाटे आप्पांची शिट्टी वाजली की समजायचं, महाराजांनी पाणी घेतलं. माणूस लबाड नव्हता हां. एका थेंबाची अफरातफर नाही. पण तोरा असा, की पाणी जणू त्यांच्या शेतातल्या विहिरीचं आणि आम्ही सगळी कुळं!

ठिणगी पडली ती माझ्या कुरडयांवरून. पहाटे उठून चीक शिजवला, गच्चीवर साड्या अंथरल्या, कुरडया घातल्या. दुपारी बघते तर साड्यांसकट गोळा होऊन सगळं माझ्या दारात! वर चिठ्ठी: 'गच्चीवर वाळवण घालण्यास सक्त मनाई. हुकुमावरून, अध्यक्ष.' माझा जीव नुसता तळतळला. मी दारातच भोकाड पसरलं. सुलूताई खाली आल्या, त्या लगद्यात बोट घालून चाखलं आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर हाय. वंदे, फ्रान्सात पावावरून पेटलं होतं, आपल्याकडं कुरडईवरून पेटू दे."

"अहो ताई, पण ते तुमचे मिस्टर ना!"

"घरात नवरा हाय, मीटिंगमध्ये राजा हाय. मी राजाला काढणार. नवऱ्याला कशाला काढू? लई कष्टानं सांभाळलाय."

मीटिंगच्या दिवशी आप्पांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला अध्यक्ष व्हायचंय?" आणि स्वयंपाकघराच्या दारातून, हातात चहाचा ट्रे घेऊन सुलूताई म्हणाल्या, "मला."

बाप रे! पहिला हात वर केला तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी वकिलांनी. मग माझा. मग भराभर हात वर! आप्पांनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. मानी माणूस, तिथल्या तिथं किल्ली द्यायला निघाले, पण करगोट्याची गाठ काही सुटेना. राजाला तख्त सोडायचंय आणि तख्त राजाला सोडत नाही! शेवटी सुलूताईंनीच आतून कात्री आणून दिली. आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी आप्पा पिशवी घेऊन निघाले. "जिथं आपलं राज्य नाय तिथं आपुन राहत नाय," म्हणाले, आणि एसटीनं कन्नडला धाकट्या भावाच्या मळ्यात जाऊन बसले. सुलूताईंना वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल. कसला उतरतोय! फोनसुद्धा उचलेनात.

इकडं आमच्या लोकशाहीची वरात निघाली. सुलूताईंनी समिती नेमली, तर समितीतला प्रत्येक जण स्वतःला मंत्री समजायला लागला. कुरडयांना परवानगी मिळाली, तर गच्चीच्या वाटणीवरून रोज कडाकडा भांडणं. "एकाच्या हातात किल्ली म्हणजे पुन्हा राजेशाहीच," असा मुद्दा वकिलांनी काढला, म्हणून औरंगपुऱ्याच्या बाजारात जाऊन घरटी एक किल्ली करून आणली. केवढा आनंद आम्हाला! मी तर माझ्या किल्लीला हळद-कुंकू वाहिलं. आणि मग एका पहाटे पाणी आलं, आणि गेलं. प्रत्येकाला वाटलं, वॉल दुसऱ्यानं फिरवला असेल. हौद कोरडा ठणठणीत! घरोघरी किल्ल्या आणि प्यायला पाणी नाही.

पुढं टँकर मागवला, बादल्यांवरून जुंपली, आणि ज्या कुलकर्णी वकिलांनी पहिला हात वर केला होता तेच पहिले म्हणाले, "काही म्हणा, आप्पांच्या राज्यात असं नव्हतं." झालं! जो तो आप्पांच्या आठवणी काढायला लागला. सुलूताई शांतपणे म्हणाल्या, "फ्रान्सातही असंच झालं होतं. घाबरायचं नाय." त्यांनी पाणी घ्यायच्या पाळ्या लावल्या आणि स्वतः पहाटे गेटजवळ स्टूल टाकून बसायला लागल्या. महिन्याभरात घडी बसली.

पण त्या बाहेरून अशा. एकदा मी रात्रीची भाजी द्यायला वर गेले, तर टेबलावर दोन ताटं. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "सवय हाय गं हाताला," आणि डोळ्यांना पदर लावला. भाजीचं भांडं मी तिथंच ठेवलं. म्हटलं, "ताई, सोडा ते अध्यक्षपद. बोलवा त्यांना." तर ताडकन म्हणाल्या, "राजा परत नको मला, वंदे. नवरा पायजे. अध्यक्षपद देऊन आणला, तर राजाच येईल."

श्रावणात सोसायटीचा सत्यनारायण असतो. पूजेला अध्यक्षांनी जोडीनं बसायचं, ही पहिल्यापासूनची रीत. वकिलांना आयती संधी मिळाली. "जोडी नाही तर पूजा कशी होणार, ताई? आप्पांना अध्यक्ष करा, तुम्ही शेजारी बसा. प्रश्न मिटला." बरेच जण माना डोलवायला लागले. सुलूताई म्हणाल्या, "पूजेपर्यंत थांबा. आप्पा आले नायत, तर राजीनामा देते." मग सगळ्यांदेखत दिराला फोन लावला. "भाऊजी, त्यांना सांगा, रविवारी पूजा हाय. अध्यक्षांच्या पाटावर मी बसणार. शेजारचा पाट मांडून ठेवते. यायचं तर नवरा म्हणून यावं."

रविवारी पार्किंगमध्ये मंडप घातला. दोन पाट मांडले, एकावर सुलूताई, नऊवारी, नाकात नथ. दुसरा रिकामा. गुरुजी घड्याळ बघायला लागले, वकील घसा खाकरायला लागले. मी सत्यनारायणाला म्हटलं, देवा, एवढं ऐक, पुढच्या वर्षी शिरा मी करीन, बदाम घालून. तेवढ्यात गेटशी जीप थांबली. आप्पा उतरले, खांद्यावर पूजेसाठी मळ्यातले केळीचे खुंट. कुणाकडं न बघता त्यांनी ते चौरंगाला बांधले, पाय धुतले आणि पाटाशी येऊन उभे राहिले.

गुरुजींना हायसं वाटलं. "या आप्पा. ताई, तुम्ही जरा सरका. पूजा आप्पा करतील, तुम्ही नुसता त्यांच्या हाताला हात लावा."

सुलूताई जागच्या हलल्या नाहीत. मान खाली, पण बसल्या घट्ट.

"कामून सरकायचं?" आप्पा खणखणीत आवाजात म्हणाले. "अध्यक्ष त्या हायत. पूजा त्या करतील. हात मी लावतो." आणि शेजारच्या पाटावर मांडी घालून, मिशीत जराही न हसता, त्यांनी दोन बोटं सुलूताईंच्या हाताला लावली. सुलूताईंनी आप्पांकडं बघत बघतच पळी कलती केली, आणि निम्मं पाणी गुरुजींच्या सोवळ्यावर.

"नीट धरा की, अध्यक्षबाई," आप्पा म्हणाले.

आम्ही अशा टाळ्या वाजवल्या, की गुरुजी वैतागून ओरडले, "अहो, आरतीला वेळ आहे अजून!"