खिडकी लावून गाणारी

पिरंगुटला आमच्या वरच्या खोलीत परभणीची एक मुलगी भाड्यानं राहायची. कॉम्प्युटरच्या ऑफिसात होती. तिच्या पिशवीवर सेफ्टी पिनांची रांगच असायची. साडी नेसताना मी हक्कानं एक काढून घ्यायचे. बायकांच्या पंक बँडची गाणी तिला नुकतीच सापडली होती. "वहिनी, यात सूर चुकला तरी चालतो," असं सांगायची, पण खिडकी घट्ट लावल्याशिवाय सीडी सुरू करायची नाही.

एका रविवारी ती खिडकी लावायला विसरली. गाण्याबरोबर तीही बेंबीच्या देठापासून ओरडत होती. सासूबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन जिना चढल्या. आता हिला खोली सोडावी लागणार, या भीतीनं मी मागोमाग धावले.

"कंची देवी आलीया गं पोरी अंगात?"

तिनं घाबरून गाणं बंद केलं. "देवी नाही, आजी. या बायका चिडल्यात, म्हणून ओरडतात."

सासूबाई ताट बाजूला ठेवून तिथंच बसल्या. "म्हंजी अंगात न येता बी वरडता येतं व्हय? लाव परत."

माझा जीव भांड्यात पडला. ती सवयीनं खिडकीकडे गेली, थांबली, आणि तिनं परत येऊन आवाज वाढवला.