निळ्या ड्रममधलं गुपित

नोकरीत कितीतरी गुन्ह्यांचा तपास केला. पण त्या निळ्या ड्रमची फाईल आठवली, की आजही माझं डोकं तापतं.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. त्यामुळे गरिबाच्या दारात भंगारातून घेतलेला निळा ड्रम असतोच. हर्सूलकडच्या एका वस्तीत बांधकामावर मजुरी करणाऱ्या बाईनं असाच एक घेतला, राखेनं घासला आणि पाणी भरलं. नवरा-बायको दिवसभर कामावर. ते पाणी प्यायली ती घरी असलेली त्यांची लहान मुलगी. ती सरकारी दवाखान्यात बेशुद्ध पडली होती. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, की ड्रममध्ये आधी काय होतं ते कळलं तरच नेमका उपचार करता येईल. ड्रमवरचं लेबल खरवडलेलं होतं.

खबऱ्याकडून भंगारवाल्याचा पत्ता लागला. ठाण्यात आणल्यावर त्याचं नेहमीचंच पालुपद, आपल्याला काही माहीत नाही. अशा माणसावर दरडावून उपयोग नसतो. त्याच्या स्वतःच्या घरी पाणी कशात भरतात, एवढंच मी विचारलं. त्याचा चेहरा उतरला.

"साब, हमारे घर में बी वहीच ड्रम है," तो म्हणाला. "लेबल हम नई निकालते. कंपनी में से घिसकेच आते."

मग त्यानं कंपनीचं नाव सांगितलं आणि घरी फोन करू देण्याची विनंती केली. मी करू दिला.

रसायनांचे असे रिकामे ड्रम नष्ट करायचे, विकायचे नाहीत, असा नियम आहे. कंपनीच्या व्यवस्थापकानं जबाबात लिहून दिलं, की ड्रममध्ये साबणासारखा साधा पदार्थ होता, धोका काहीच नाही. नाव मात्र सांगेना. मी कागदपत्रांसाठी नोटीस बजावली, तर कंपनीचे वकील थेट कोर्टात. सगळी माहिती म्हणजे धंद्याचं गुपित, ती सीलबंद लिफाफ्यात राहावी, कोणालाही दाखवू नये, असा अर्ज. तिकडे पोर मरणाच्या दारात आणि इकडे यांना प्रतिस्पर्ध्याची काळजी. अंगावरची वर्दी होती म्हणून राग गिळला आणि सरकारी वकिलांना गाठलं.

मुलीची आई कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होती. काय चाललंय ते मी तिला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "साहेब, माझ्या लेकीच्या पोटात जे गेलं, ते त्यांचं गुपित कसं व्हईल?"

सरकारी वकिलांनी व्यवस्थापकाचा जबाब पुढे केला आणि विचारलं, ठाण्यात जो साबण होता तो कोर्टात गुपित कसा झाला? न्यायाधीशांनी आदेश दिला, की बनवण्याची कृती आणि ग्राहकांची नावं लिफाफ्यात राहतील. ती बाहेर गेली तर धंदा बुडू शकतो, तेवढी झाकपाक कायद्याला मान्य आहे. पण ड्रममधल्या पदार्थाचं नाव डॉक्टरांना ताबडतोब कळलंच पाहिजे.

नाव हाती येताच मी कोर्टातूनच दवाखान्यात फोन लावला. उपचार बदलले.

तेव्हापासून कोणी बंद लिफाफा पुढे केला, की मी एकच विचारतो, हे नक्की कोणापासून लपवायचं आहे? व्यवस्थापकावरच्या खटल्यात अजून तारखाच पडताहेत. कंपनीची कृती लिफाफ्यात सुखरूप आहे. मुलगी वाचली. मी मध्यंतरी त्यांच्या घरी गेलो, तर आईनं मला पाणी दिलं. मी तांब्या तोंडाला लावणार, तोच ती पोर म्हणाली, "साहेब, आधी वास घ्या."