नाथाजी सुभेदारांचा जांभळा वाफा

नाथाजी सुभेदार या वयात प्यायला लागले, ही बातमी दीड वर्षापूर्वी दिवाळी संपता संपता आमच्या आळीत फिरली. फिरवण्यात माझाही थोडा हात होता, नाकारत नाही. पण चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस रोज संध्याकाळी फाट्यावरच्या रसवंतीत जातो, रसाला तोंड लावत नाही, थर्मासभर बर्फ घेतो आणि मागच्या दाराने घरात शिरतो. यावरून आम्ही शेजाऱ्यांनी समजायचं तरी काय?

पाचव्या दिवशी मी सरळ थर्मासच उघडला. बर्फावर कापडाची पुरचुंडी, पुरचुंडीत ओली वाळू, आणि वाळूत मोहरीएवढं बी.

"सुभेदार, हा कसला चखणा?"

"बनफशा हाय, मास्तर. हिमाचलातलं फूल. थंडी खाल्ल्याबिगर हे बी उगवत न्हाई. आन् तुमी आळीत काय सांगत फिरताय, ते बी कळलंय मला."

"मग घरच्या फ्रिजात ठेवा की!"

आतून त्यांच्या बायकोचा, बनुबाईंचा आवाज आला. "माझ्या फ्रिजात माती यायची न्हाई!"

म्हणजे सुभेदार शुद्धीवर होते. नोकरीची शेवटची तीन वर्षं दोघं हिमाचलात क्वार्टरला राहिली. बर्फ वितळला की तिथल्या पायरीशी बोटभर उंचीची जांभळी फुलं यायची, कुणी न लावता, दर वर्षी. गावी आल्यापासून बनुबाई फाल्गुन लागला की सुरू होतात, "आमच्या तिकडं लय ग्वाड वासाची फुलं असायची." बारा वर्षं ऐकून सुभेदारांनी एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "तुझ्या दारात आणून दावतो." एका जुन्या सोबत्याकडून पाकिटातून बी मागवलं. बनुबाईंनी नळाजवळचा वाफा दिला, पण अट घालून. गुढीपाडव्यापर्यंत फूल दिसलं नाही, तर वाफ्यात मेथी.

चाळीस दिवस बर्फ खाऊन बी उगवलं. सुभेदारांनी रोपं वाफ्यात लावली ती दोरी धरून, परेडसारखी. एक रोप बोटभर बाजूला सरकलं होतं, ते उपटून पुन्हा रांगेत उभं केलं. मी कुंपणावरून "सावधान!" म्हटलं की खालूनच उत्तर यायचं, "शाळेला सुट्टी हाय का आज?"

पाडवा आला. पानं भरपूर, फूल एक नाही. बनुबाई मेथीचं बी पदरात घेऊन हजर.

"आवं, उठा आता वाफ्यातनं."

"भरती झालेल्या पोराला पहिल्याच दिवशी लढाईवर धाडतात व्हय? हे झाड वर्षानुवर्षं राहतं, त्येला एक वरीस दे."

"एकच. फुडला पाडवा. मग तुमची फौज आन् माझं खुरपं."

वैशाखात दोघं आठ दिवस कुपवाडला गेली, तिथल्या कारखान्यात मुलगा आहे. पाण्याचं काम पुतण्या सयाजीवर सोपवलं. आता सयाजी पडला उसाचा माणूस. झारी त्याला लहान मुलाचं खेळणं वाटते. पाणी पाजायचं म्हणजे मोटर चालू करायची आणि बारं फोडून पाटाचं पाणी आत सोडायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने तेच केलं आणि घरी जाऊन जेवून झोपला. दोन तासांनी वाफ्याचं तळं झालं, भुसभुशीत मातीचा बांध फुटला, आणि सुभेदारांची पलटण कुंपणाच्या तारेखालून माझ्या परसात वाहून आली.

सुभेदार परतले ते माझ्याच चिकूखाली येऊन गुडघ्यांवर बसले. चिखल चाळून अकरा रोपं हाती लागली. सयाजी कान पाडून उभा होता. "काका, पाणी कमी पडू नये म्हनून—" एवढंच बोलला. सुभेदारांनी त्याला शिवीही दिली नाही, तेव्हा मात्र मला काळजी वाटली. एरवी ते मलासुद्धा देतात.

"मास्तर, सावलीत हितंच लावू? पावसाळ्यात नेतो."

मी हो म्हटलं. पावसाळा आला आणि गेला, पण उपटायला त्यांचा हात होईना. आपला रिकामा वाफा त्यांनी राखून ठेवला आणि रोज सकाळी माझ्याकडे यायला लागले. उसाचं पाचट पसरायचं, गोगलगायी वेचायच्या, आणि जाताना आमच्या हिच्या हातचा चहा.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी चिकूखाली जांभळा ठिपका दिसला. मी हाक मारायच्या आत बनुबाई फाटकातून आत. वाकल्या, वास घेतला, बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय, त्येच." नवऱ्याकडे बघून हसल्या आणि पुढच्या दमात म्हणाल्या, "पर माझ्या दारात न्हाई आलं. मेथी पेरनार." गेल्यासुद्धा!

असली संधी मी सोडतो होय? "हरलात, सुभेदार. फूल आलं, पण माझ्या हद्दीत. वाफाही गेला!"

सुभेदार उठले, गुडघ्यांची माती झटकली आणि म्हणाले, "मास्तर, तुमची हद्द तुमच्यापाशीच ठेवा. ती वास घेऊन हसली न्हवं? आता ती रोज हितं येनार, मी बी येनार. साखर जरा जास्त आनून ठेवा."