चौथ्या मजल्याचं गाऱ्हाणं

ज्या वर्षी शारदा घरात अडकली, त्या वर्षी माझं देवाशी बोलणं जवळजवळ बंद पडलं होतं. पूजा चालू होती. सकाळची आंघोळ, निरांजन, अथर्वशीर्ष हे सगळं नेमाने होत होतं, कारण नेम मोडणं माझ्या स्वभावात नाही. पण ताळेबंद जुळत नसताना वरिष्ठांनी सांगितलं म्हणून सही ठोकावी, तशी ती पूजा होती. हात जोडलेले आणि मनात एकच प्रश्न, की या बाईने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

आम्ही मूळचे पुण्याचे. मी खर्च-लेखापाल. देशाची दारं उघडली, परदेशी कंपन्या भागीदाऱ्या करू लागल्या, तेव्हा अशाच एका कारखान्यात नोकरी मिळून मी नोएडाला आलो. यमुनेपलीकडे तेव्हा सेक्टरांमागून सेक्टर उठत होते. एका सहकारी सोसायटीत आम्ही घर घेतलं. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आणि आमचं घर सगळ्यात वर. म्हणजे तळमजला धरून चौथं. हिशेबी माणसाने हे आधीच स्पष्ट करावं. घर घेताना शारदा म्हणाली होती, "वर हवा छान आहे हो." तेव्हा ती दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची.

मग तिला संधिवात झाला. आधी बोटं, मग गुडघे, मग कंबर. एका हिवाळ्यात ती जिना उतरेनाशी झाली. डॉक्टरकडे न्यायचं तर तिला खुर्चीत बसवून दोघा-तिघांनी उचलून खाली आणावं लागे. दुसऱ्यांदा आणलं तेव्हा वळणावर खुर्ची कलली आणि जिन्यात उभे असलेले लोक "अरे संभालो, संभालो" म्हणून ओरडले. त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली, "यापुढे मला सामानासारखं उतरवायचं नाही." त्यानंतर डॉक्टर घरी येऊ लागले आणि शारदा गॅलरीतून खालची भाजीची गाडी बघू लागली.

सोसायटीत लिफ्ट बसवायची, तर सर्वसाधारण सभेत मोठं बहुमत लागत होतं. मी ठराव मांडला आणि भाषणाची जय्यत तयारी केली. ऑफिसातून प्रोजेक्टर मागून आणला, पारदर्शक कागदांवर तक्ते काढले. विजेचा भार, देखभालीचा खर्च, दर घरामागे येणारा वाटा, लिफ्टमुळे घरांच्या किमतीत होणारी वाढ. माझ्या मते त्यात खोट काढायला जागाच नव्हती. तिसरा तक्ता लावला आणि वीज गेली. नोएडात तेव्हा वीज जाणं ही काही बातमी नव्हती, पण तक्ता दिसेनासा झाला तसा माझ्याकडे बोलायला शब्दच उरला नाही. अंधारात कुणीतरी समोसे वाटायला सुरुवात केली. तळमजल्यावर राहणारे खन्नाजी, ज्यांचा लिफ्टला सगळ्यात मोठा विरोध होता, मोठ्याने म्हणाले, "भाईसाहब, आप तो बजट पढ़ रहे थे. ये तो बताओ, लिफ्ट चाहिए किसको?"

मी म्हणालो, "सबको."

"सबको चाहिए होती तो सब बोलते ना यार!" सगळे हसले. विषय पुढच्या सभेवर गेला.

"माझ्या बायकोला" हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. आम्हा लोकांचं हे असंच असतं. घरातलं दुखणं चारचौघांत मांडायचं नाही, स्वतःसाठी मागायचं नाही. मागायचंच झालं तर सगळ्यांच्या नावावर मागायचं. हा सभ्यपणा म्हणून मला लहानपणापासून शिकवला गेला होता आणि मी तो इमानाने पाळत आलो होतो.

पुढच्या सभेसाठी मी भाषणकलेवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात लिहिल्याप्रमाणे आरशासमोर उभा राहून हातवारे केले, आवाज चढवला, उतरवला. शारदा पलंगावरून ऐकत असे. एकदा म्हणाली, "अहो, तुमच्या भाषणाचा एक फायदा आहे. मला झोपेची गोळी लागत नाही." मी चिडलो. तशी ती शांतपणे म्हणाली, "चिडू नका. पण तुम्ही बोलताय कुणाशी, तेच मला कळत नाही."

त्यातच गणपती आले. शेजारच्या सेक्टरात आमचं छोटं महाराष्ट्र मंडळ होतं. पुण्यामुंबईकडची नोकरदार कुटुंबं आणि दिल्लीतल्या मुनिरक्याहून जेवायला म्हणून येणारी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी काही मुलं. दरवर्षी शारदा मोदकांच्या कामात पुढे असायची. त्या वर्षी मी एकटा गेलो. खरं तर जाणारही नव्हतो. "माझ्या वाटचा नमस्कार तरी पोचवा," असं ती म्हणाली म्हणून गेलो.

विसर्जनाआधी मंडळाच्या अध्यक्षांनी एका पाहुण्यांना पुढे बोलावलं. परबकाका त्यांचं नाव. कुडाळकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, मुलाकडे महिनाभर राहायला आलेले. कोकणात देवासमोर गाऱ्हाणं घालतात, तसं परबकाका घालणार होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो, एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेली माणसं "व्हय महाराजा" म्हणून साथ देतात. मी ते आजवर फक्त ऐकून होतो.

सुरुवात करण्याआधी परबकाका मांडवात प्रत्येकाजवळ जाऊन विचारत होते, काय मागायचं? माझ्यापाशी आले. मी म्हणालो, "सगळ्यांचं भलं होऊ दे."

"ता मी मागतलंयच," ते म्हणाले. "तुझा काय ता सांग."

"माझं विशेष काही नाही."

ते गेले नाहीत. पानाचा डबा खिशात घातला आणि माझ्याकडे बघत नुसते उभे राहिले. मागून आरतीसाठी कुणीतरी घाई करत होतं, तरी हलले नाहीत. आणि मग, का ते मला आजही सांगता येणार नाही, मी त्या अनोळखी माणसाला जिना, खुर्ची, गॅलरी सगळं सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, "नाव काय तिचा?"

मग त्यांनी गणपतीसमोर उभं राहून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा गणपती महाराजा, आपलो गाव सोडून ही पोरां हय दिल्लीच्या मुलखात इली. तेंका सांभाळ." काही जण हसत, काही जण लाजत म्हणाले, "व्हय महाराजा." परीक्षेच्या मुलांसाठी मागितलं. नोकरी गेलेल्या एकासाठी मागितलं. मग आवाज न चढवता, घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "आणि महाराजा, आमची शारदा वरच्या माळ्यार अडाकली हा. तिका जिनो उतराक जमना नाय. तिका जमनीर येवची वाट दी."

आणि मग जो आवाज उठला, त्यात हसू नव्हतं. "व्हय महाराजा!" बायका, मुलं, ज्यांना मी नुसतं तोंडओळखीने ओळखत होतो ती माणसं, सगळी माझ्या बायकोसाठी देवाला हाक मारत होती. इतके दिवस मला भीती होती ती कीव ऐकू येण्याची. तशी कीव मला कुठेच ऐकू आली नाही. मी खांबाला धरून उभा राहिलो, आणि कितीतरी महिन्यांनी गणपतीकडे पाहून खरोखर हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची घंटा वाजली. परबकाका धापा टाकत उभे होते. "जिनो खराच वायट हा," म्हणाले आणि खुर्चीवर बसून शारदाकडे चहा मागितला. तिने ओट्याला धरून उभ्याने चहा केला; पाहुण्यासाठी ती उठली, याचंच मला अप्रूप वाटलं. बोलता बोलता सभेचा विषय निघाला. मी माझं भाषण त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आकडे बरोबर आसतले. पण ह्येच्यात 'व्हय' खंय म्हणाचा?"

मग त्यांनी सांगितलं, की गाऱ्हाणं घालणारा आधी त्या जागेच्या देवाला नमस्कार करतो, जमलेल्यांना आपलं म्हणतो, दुखणं आडपडदा न ठेवता नाव घेऊन सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबतो. "थांबूक व्हया. लोकांका 'व्हय' म्हणाक जागा नको?" मग शारदाकडे वळून त्यांनी विचारलं, "सभेत तुझा नाव घेतला तर चलात?"

ही गोष्ट मी तिला कधी विचारलीच नव्हती. शारदाने बशी खाली ठेवली. "नाव घ्या," ती मला म्हणाली. "पण 'बिचारी' म्हणायचं नाही."

सभेच्या दिवशी प्रोजेक्टर नेला नाही. आकड्यांचा एकच कागद सगळ्यांच्या हातात आधीच दिला होता. उभा राहिलो. मनात म्हटलं, गणराया, मला जे येतं ते मी केलं, पुढचं तू बघ. आणि हिंदीत बोलायला लागलो. आपण सगळे वेगवेगळ्या गावांहून येऊन इथे शेजारी झालो, असं म्हणालो. लिफ्टचं बांधकाम खिडकीसमोर आलं तर खन्नाजींच्या स्वयंपाकघरातला उजेड जाईल, हे त्यांचं म्हणणं खरं आहे, तेही म्हणालो. खन्नाजींनी मान वर केली. मग मी म्हणालो, "मेरी पत्नी शारदा सबसे ऊपर रहती हैं. जाड़ों से नीचे नहीं उतरीं. उनको जमीन पर चलना है. बस, इतना माँगने आया हूँ."

आणि थांबलो.

ती शांतता मला फार लांब वाटली. खुर्च्या करकरल्या. सगळं वाया गेलं असं वाटून मी घाईघाईने पुढचं वाक्य शोधायला लागलो होतो, तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला. खन्नाजींच्या पत्नी उठल्या होत्या. "हाँ जी, बिल्कुल," त्या म्हणाल्या. "मैं सोचती थी महाराष्ट्र चली गई हैं. एक बार ऊपर जाकर पूछा तक नहीं." आणखी कुणीतरी "हाँ जी" म्हणालं, मग आणखी कुणी.

मतदान झालं. ठराव पडला. थोडक्यात, पण पडला.

मी खाली बसलो. आश्चर्य म्हणजे मला राग आला नाही. तेवढ्यात खन्नाजी उभे राहिले. "देखो भाईसाहब," ते म्हणाले, "लिफ्ट को वोट मैंने नहीं दिया, आगे भी नहीं दूँगा. अंधेरे में रोटी नहीं बनती. पर मेरे बगल वाला फ्लैट मेरे भाई का है, वो कनाडा में बैठा है, फ्लैट बंद पड़ा है. चाबी मेरे पास है. भाभीजी उसमें आएँगी."

मी काहीतरी बोलू लागलो, की असं कसं, भावाला विचारायला हवं, रीतसर करार हवा. "अब आप फिर बजट मत पढ़ो!" ते म्हणाले, आणि सगळी सभा हसली. या वेळी मीही हसलो. करार नंतर रीतसर केलाच. भावाने फोनवरून होकार दिला आणि बदल्यात आमचं वरचं घर त्यांनी भाड्याने देऊन ते भाडं घ्यावं असं ठरलं.

शारदा शेवटची एकदा खुर्चीतून खाली उतरली. "आता परत वर जायचं नाही ना? मग उचला," म्हणाली. वळणावर स्वतःच सगळ्यांना सूचना देत होती. घरासमोर हिरवळीचा एक लहानसा तुकडा होता. तिथे तिने चपला काढल्या, मिसेस खन्नांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गवतावर उभी राहिली. मी बाजूला होतो. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ओलं आहे हो." दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाल्याशी तिची कोथिंबिरीवरून चाललेली हुज्जत मला आतल्या खोलीत ऐकू आली. देवघरात निरांजन लावत होतो. ती संपेपर्यंत मी अथर्वशीर्ष सुरू केलं नाही.

परबकाका तोवर गावी परतले होते. मी त्यांना पत्राने सगळं कळवलं. आमची गाठ पुन्हा पडली नाही. तो महिना सोडून दुसऱ्या कुठल्या महिन्यात ते मुलाकडे आले असते तर काय झालं असतं, हा विचार मी करतो आणि सोडून देतो. याला कुणी योगायोग म्हणावं, मी वाद घालणार नाही. ज्याला जे दिसलं ते त्याने सांगावं.

मला एवढंच कळलं, की मी इतके दिवस देवाकडे शारदासाठी वाट मागत नव्हतो, लिफ्ट मागत होतो. लिफ्टचा आकार, तिची जागा, तिचा खर्च सगळं मीच ठरवलं होतं आणि त्याने फक्त मंजुरी द्यायची होती. ती मिळत नाही म्हणून रुसलो होतो. त्याच्याकडे मात्र एक कुलूप लावलेलं घर होतं, आणि त्याची किल्ली मला सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्या माणसाच्या खिशात ठेवलेली होती.

शारदाचा संधिवात गेलेला नाही. थंडीत बोटं आखडतात, गुडघे सुजतात. रोज सकाळी मी हे गणपतीला जसंच्या तसं सांगतो, तिचं नाव घेऊन सांगतो. उपाय मात्र आता मी सुचवत नाही.