रोहूचा दम

मलिहाबादच्या रस्त्यावरच्या एका मासेपालकाकडे मी बँकेच्या कामासाठी जातो. तो हळू बोलतो, मधेच थांबून पाणी न्याहाळतो.

एका ढगाळ सकाळी मी तिथं असताना शेजारच्या तळ्यातले रोहू मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मालकाला वाटलं, भूक लागली. तो खाद्य टाकणार तोच या मासेपालकानं त्याचा हात धरला. वर्षभर दोघांचं बोलणं बंद होतं.

"भूख नहीं, दम घुट रहा है भैया. माँगुर मछली ऊपर की हवा पी लेती है, रोहू नहीं."

मग पाण्यात हवा मिसळावी म्हणून स्वतःचा पंप आणून यानं त्या तळ्यात पाण्याचे फवारे उडवले. तासाभरात मासे खाली गेले.

"तुम्हें कैसे पता चला?" मालकानं विचारलं.

"तीस साल से इनका मुँह देख रहा हूँ," तो ताठ मानेनं म्हणाला.

बँकेत परतल्यावर मी हे सगळ्यांना अभिमानानं सांगितलं, जणू तो माझा सख्खा भाऊच.