शनिवारचा फोन

१३ मे २०२४. वर्षाचं तिखट कांडून आणायचं होतं, म्हणून चार किलो भिवापुरी मिरची घेऊन मी वाडीतल्या कांडपावर गेले. माझ्या आधी नंबर लागलेली बाई बसून देठं खुडत होती. नाव मी विचारलं नाही. दर दोन मिनिटांनी ती बोटं पदराला घासून पुसायची, फोन बघायची आणि पुन्हा खुडायला लागायची.

“कोणाची वाट पाहून राहिल्या?” मी विचारलं.

“पोराच्या फोनची. लडाखले चौकीवर हाये तो. दर शनिवारी सॅटेलाइट फोनवरून बोलते. ह्या शनिवारी आलाच नाही. सूर्यावर वादळ झालं म्हणते ना लोकं, त्यानं बंद पडला असन.”

“माझा तर चालू आहे. सूर्याचा फोनशी काय संबंध? अफवा असतात.”

ती रागावली नाही. “सूर्यानंच बंद पाडला असन तं बरं हाये, ताई. दुसरं काही नको.”

तिची मिरची दमट निघाली. कांडपवाल्यानं ती वाळवून सकाळी आणायला सांगितली.

संध्याकाळी मी पेपर नीट वाचला. सूर्यावरच्या स्फोटांतले कण पृथ्वीपर्यंत पोचले होते, लडाखचं आकाश लाल दिसलं होतं. अशा वेळी साधे मोबाईल चालू राहतात, पण उपग्रहांवरून येणारे संदेश बिघडू शकतात. तिच्या पोराचं काय, ते पेपरात नव्हतं. मी मात्र ठामपणे चुकीचं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बातमीचं कात्रण घेऊन मी कांडपाचं शटर उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले.